कालवे व शिंपले यांच्या व्यापाराचे आरोग्यनियंत्रण

कालवे, तिसऱ्या, शिणाणे इ. दोन शिंपांच्या मृदुकाय जलचरांची काढणी, साठवण, वाहतूक, आयात व विक्री यांवर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ठेवण्यात येणारे शासकीय नियंत्रण. या प्राण्यांना प्रस्तुत नोंदीत एकत्रितपणे 'कवचमत्स्य' अशी संज्ञा वापरली आहे. कोळंबी, शेवंड, खेकडे वगैरेंचा त्यात समावेश केलेला नाही. या नियंत्रणाचे मुख्य साधन म्हणजे विक्रेत्यास दिलेला परवाना होय. इतर बहुतेक अन्नपदार्थांच्या बाबतीत परवाना देताना दुकान, कारखाना वा स्वयंपाकगृह यांची स्वच्छता पाहिली जाते. कवचमत्स्यांच्या बाबतीत मात्र परवान्याचे मूळ दुकानात नसून ज्या पाण्यात ते प्राणी वाढले त्या पाण्यात असते. दूरच्या, कदाचित परक्या देशातील, खाडीचे पाणी शुद्ध आहे याची हमी गिऱ्हाइकाला कोणी व कशी द्यावयाची, या प्रश्नाच्या उत्तरातूनच या व्यापाराच्या नियंत्रणाचा इतिहास घडला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२५ मध्ये सुरू झालेली योजना हे त्याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण असल्याने प्रस्तुत विवेचनात तिला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

नियंत्रणाची जीववैज्ञानिक कारणे : कालव किंवा शिणाणा आपल्या क्लोमांवरून (कल्ल्यांवरून) सतत पाणी वाहवून त्यातील सूक्ष्म वनस्पती व इतर कण गाळून खातो. पूर्ण वाढलेले कालव अनुकूल तापमानात तासाला अनेक लिटर पाणी गाळू शकते. अन्नकणांबरोबर पाण्यातील सूक्ष्मजंतू, व्हायरस व विषारी प्लवकही त्याच्या शरीरात जमतात. परिणामी प्राण्याच्या शरीरातील त्यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या अनेक पट होते. प्राण्याला स्वतःला यामुळे बहुधा काहीच अपाय होत नाही. नासलेला मासा वासावरून, डोळ्यांवरून वा कल्ल्यांच्या रंगावरून ओळखता येतो. आंत्रज्वराचे (टायफॉइडचे) जंतू असलेले कालव मात्र ताजे, टवटवीत व चवदारच लागते. शिवाय हे प्राणी बहुधा उथळ खाड्यांत व नदीमुखांपाशी वाढतात आणि शहरांचे वाहितमल (सांडपाणी व मैलापाणी) येऊन मिळते तेही याच ठिकाणी. यूरोप-अमेरिकेत कालवे कच्ची खाण्याची आणि प्राण्याचे आतडे व पचनग्रंथी न काढता तो संपूर्ण खाण्याची प्रथा असल्याने धोका अधिकच वाढतो. विक्रेता कितीही प्रामाणिक व स्वच्छ असला, तरी केवळ पाहून माल निवडणे त्याला शक्य नसते, हे या विषयाचे मूलभूत वैशिष्ट्य होय.

प्रारंभीचे उद्रेक : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व बर्फ यांमुळे कालवे किनाऱ्यापासून शेकडो कि.मी. आत पोहोचू लागली. त्याच काळात शहरांतून भुयारी गटारे बांधली गेली आणि त्यांची मुखे नद्यांत व खाड्यांत सोडण्यात आली. या दोन सुधारणांचा संयोग घातक ठरला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात ऑक्टोबर १८९४ मध्ये झालेल्या विद्यार्थिमंडळांच्या मेजवान्यांनंतर वीसहून अधिक तरुणांना आंत्रज्वर झाला. तेथील जीवशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट विल्यम कॉन यांनी या प्रकरणाचा शोध घेतला. मेजवान्यांतील कालवे विकण्यापूर्वी क्विनिपिॲक नदीच्या मुखाजवळ ठेवण्यात आली होती आणि तेथून जवळच असलेल्या एका घरात आंत्रज्वराचे रुग्ण होते, असे त्यांना आढळून आले. कालवे फुगून पुष्ट दिसावीत म्हणून काढणीनंतर ती काही काळ गोडसर पाण्यात ठेवण्याची रीत व्यापाऱ्यांत रूढ होती. गोडे पाणी नदीमुखाशी व म्हणून बहुधा शहराजवळच असल्याने, स्वच्छ समुद्रात वाढलेली कालवेही शेवटच्या काही तासांत दूषित होत.

इंग्लंडमध्ये १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर व साउथॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हींसाठी कालवे एम्सवर्थ या एकाच किनारी गावातून आली होती. दोन्हीकडील अनेक पाहुणे आजारी पडले आणि विंचेस्टर कॅथीड्रलचे डीन विल्यम स्टीफन्स यांच्यासह काहींचा मृत्यू झाला. एम्सवर्थच्या कालवांची विक्री बंद पडली व त्यांवर उदरनिर्वाह करणाऱ्या गावाचा जुना धंदा बुडाला. कालवांच्या शेतांवर वाहितमल सोडणारी यंत्रणा मात्र स्थानिक स्वराज्य संस्थेची होती. फॉस्टर या एम्सवर्थच्या कालव-व्यापाऱ्याने वॉरब्लिंग्टनच्या स्थानिक मंडळाविरुद्ध दावा लावला आणि १९०६ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. दूषित माल विकणारा नेहमीच दोषी असतो असे नाही, तर पाणी दूषित करणाराही उत्तरदायी ठरतो, हे तत्त्व या खटल्यामुळे स्पष्ट झाले. पण तोवर गावाची बाजारपेठ गेलेली होती. न्यायालयाची भरपाई ही घटनेनंतर मिळते, तिने रोग टळत नाही व गेलेला विश्वासही परत येत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

यानंतर ब्रिटनमध्ये शुद्धीकरणाच्या मार्गावर भर देण्यात आला. वेल्समधील कॉन्वी येथे शिणाणे टाक्यांमधील निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून, त्यांच्याच गाळण्याच्या क्रियेने शरीरातील जंतू बाहेर टाकू देण्याचे प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यशस्वी झाले. आर. डब्ल्यू. डॉजसन यांनी त्यांविषयीचा विस्तृत अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. मालाची शुद्धी करून तो विकण्याची ही यूरोपीय पद्धत व पाण्याचीच निवड करण्याची अमेरिकन पद्धत असे दोन प्रवाह पुढे समांतर वाहत राहिले.

१९२४–२५ चा उद्रेक व त्याचे परिणाम : नोव्हेंबर १९२४ पासून शिकागो, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन या शहरांत आंत्रज्वराचे रुग्ण अचानक वाढले. सु. १,५०० जणांना रोगाची लागण झाली व सु. १५० मृत्युमुखी पडले. सार्वजनिक आरोग्य सेवेच्या तपासात लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरून आलेल्या कालवांवर संशय केंद्रित झाला. वृत्तपत्रांतून बातम्या येताच कालवांची मागणी कोसळली. या घसरणीत दूषित व निर्दोष मालात भेद केला गेला नाही, शेकडो कि.मी. दूरच्या शुद्ध खाड्यांतील मालालाही गिऱ्हाईक मिळेना. त्यामुळे राज्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांच्या बरोबरीने खुद्द व्यापाऱ्यांनीच संघीय शासनाकडे नियंत्रणाची मागणी केली. धंद्याने स्वतःहून नियमनाचे स्वागत करण्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे परिषद बोलावली. राज्यांची व शहरांची आरोग्य खाती, मत्स्य व संरक्षण विभाग, संघीय रसायन विभाग आणि व्यापारी यांचे प्रतिनिधी तीस उपस्थित होते. परिषदेने संमत केलेल्या ठरावांचा आशय पुढीलप्रमाणे होता : कवचमत्स्य जेथे वाढतात त्या जागांची शासकीय पाहणी व नियंत्रण व्हावे, शिंपा फोडून मांस काढण्याच्या व बांधणीच्या कारखान्यांची तपासणी व्हावी, मालाचे उगमस्थान स्पष्ट राहील व एका जागेच्या मालाऐवजी दुसरा माल खपवला जाणार नाही अशी देखरेख असावी, वाहतुकीच्या पद्धती मंजूर केलेल्या असाव्यात, आणि मालाने ठरावीक जंतुवैज्ञानिक मानक पूर्ण करावे. या ठरावांतून पुढे 'राष्ट्रीय कवचमत्स्य आरोग्य कार्यक्रम' आकारास आला.

या योजनेची घटनात्मक बाजू विशेष उल्लेखनीय आहे. राज्याच्या किनारी पाण्यावर संघीय शासनाची हुकमत नव्हती व तेथील कालवे काढण्याचे परवाने राज्येच देत. त्यामुळे सक्तीऐवजी परस्परमान्यतेचा मार्ग पत्करण्यात आला. उत्पादक राज्याने आपल्या खाड्यांची पाहणी करून विक्रेत्यांना दाखले द्यावेत. सार्वजनिक आरोग्य सेवेने त्या राज्याच्या कारभाराचे परीक्षण करून तो समाधानकारक असल्यास त्यास पुष्टी द्यावी व दाखलेधारक विक्रेत्यांची यादी प्रसिद्ध करावी. आणि माल घेणाऱ्या राज्यांनी यादीतील विक्रेत्यांचाच माल स्वीकारावा, अशी ही त्रिपक्षीय व्यवस्था होती. संघीय सेवेला कोणाचा परवाना रद्द करता येत नसे. आपली पुष्टी काढून घेणे एवढेच तिच्या हाती होते. परंतु यादीतून नाव गेलेल्या विक्रेत्याला आपल्या राज्याबाहेर बाजारपेठ उरत नसल्याने ही सौम्य वाटणारी सत्ता प्रत्यक्षात फार परिणामकारक ठरली.

परवान्याची रचना व कार्यपद्धती : व्यवस्थेचा पाया म्हणजे काढणीक्षेत्राची आरोग्यविषयक पाहणी. तीत किनाऱ्यावर पायी वा नावेतून फिरून गटारांची मुखे, वस्त्या, गुरांचे गोठे, नौकांचे धक्के यांची नोंद केली जाते. भरती-ओहोटी, वारा व पाऊस यांनुसार दूषित पाणी कोठवर जाते हे ठरवले जाते आणि पाण्याच्या नमुन्यांची जंतुवैज्ञानिक परीक्षा केली जाते. यांवरून क्षेत्रांचे मंजूर, सशर्त मंजूर, निर्बंधित, सशर्त निर्बंधित व निषिद्ध असे वर्ग पाडतात. विष्ठेतून येणारे दंडाणू स्वतः फारसे घातक नसले, तरी वाहितमलाचे निदर्शक म्हणून ते मोजले जातात. मंजूर क्षेत्राच्या पाण्यात त्यांची संख्या दर १०० मिलि. मध्ये १४ हून (गुणोत्तरमध्य) अधिक असता कामा नये आणि पाच नलिकांच्या पद्धतीने तपासलेल्या नमुन्यांपैकी १० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत ती ४३ च्या वर जाता कामा नये, असे मानक आहे. मोठ्या पावसानंतर सशर्त क्षेत्रे काही दिवस बंद ठेवतात. निषिद्ध क्षेत्रांतून रात्री चोरून होणाऱ्या काढणीस आळा घालण्यासाठी गस्त हाही कार्यक्रमाचा आवश्यक भाग मानला जातो.

दुसरा घटक दाखल्याचा. प्रत्येक दाखलेधारकास क्रमांक दिलेला असतो व त्यात राज्याची आद्याक्षरे आणि व्यवसायाचा प्रकार दर्शवणारी अक्षरे असतात. मांस काढून बांधणी करणारे, पुनर्बांधणी करणारे, जिवंत शिंपल्यांचे वितरक, पुनर्वितरक व शुद्धीकरण करणारे असे हे प्रकार होत. शिंपल्यांच्या प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर काढणाऱ्याचा व वितरकाचा क्रमांक, काढणीची तारीख व क्षेत्र नोंदवलेले असते. किरकोळ विक्रेत्याने वा उपाहारगृहाने गोणी रिकामी झाल्यावर ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवावयाची असते. यकृतशोथासारख्या (काविळीसारख्या) रोगाची लक्षणे दिसण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. त्या वेळी माल संपलेला असला, तरी चिठ्ठीच्या आधारे ताटापासून खाडीपर्यंतचा माग काढता येतो. व्यापाराच्या साखळीतील सर्वांत स्वस्त वस्तू असलेली ही चिठ्ठी आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरते.

हा कार्यक्रम १९६८ च्या सुमारास सार्वजनिक आरोग्य सेवेकडून अन्न व औषध प्रशासनाकडे आला. राज्ये, संघीय संस्था व उत्पादक यांची आंतरराज्य कवचमत्स्य आरोग्य परिषद १९८२ मध्ये स्थापन झाली व १९८४ मध्ये प्रशासनाने तिच्याशी सामंजस्य करार केला. नियमांचा आदर्श मसुदा ही परिषद वेळोवेळी सुधारते.

जैविक विषांचे नियंत्रण : वाहितमलाशी संबंध नसलेलाही एक धोका आहे. समुद्रातील काही सूक्ष्म प्लवकांत तीव्र विषे असतात आणि ती शिंपल्यांत साठतात. ही विषे शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. कॅलिफोर्नियात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात १९२७ मध्ये शिणाणे खाऊन १०२ जण आजारी पडले व ६ मरण पावले. त्यानंतरच्या दशकात हेर्मान झोमर व कार्ल मायर यांनी या विषाचा उगम प्लवकांत असल्याचे दाखवले व उंदरांवर चाचणी करून त्याचे मापन करण्याची पद्धत बसवली. मांसाच्या १०० ग्रॅममागे ८० मायक्रोग्रॅम ही पुढे रूढ झालेली मर्यादा अनेक देशांनी स्वीकारली आहे.

कॅनडातील १९८७ च्या घटनेने अशा मर्यादांची अपूर्णता दाखवून दिली. प्रिन्स एडवर्ड बेटावरील संवर्धित शिणाणे खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले; काहींचा मृत्यू झाला, तर काही वाचलेल्यांची स्मृती कायमची क्षीण झाली. माल परवानाधारकांचाच होता. दोषी विष ज्ञात विषांपैकी नव्हते. हॅलिफॅक्स येथील शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच ते डोमोइक अम्ल असल्याचे ओळखले आणि त्यासाठी कि.ग्रॅ. मागे २० मिग्रॅ. ही मर्यादा ठरवण्यात आली. ज्या धोक्याचे नाव माहीत नाही त्याविरुद्ध कोणताही दाखला हमी देऊ शकत नाही. मात्र उगमस्थानाची नोंद असल्याने संशयित क्षेत्र त्वरेने बंद करता येते, असा धडा यातून मिळाला.

आयात मालाचे नियंत्रण : अंतर्गत व्यापारासाठी उभारलेली ही व्यवस्था आयातीस लागू करताना नवी अडचण उद्भवली. बंदरात उतरलेल्या पेट्यांतील काही नमुने तपासणे शक्य असले, तरी त्यांवरून मूळ खाडीची अवस्था कळत नाही. एकाच गोणीतील दोन कालवांत जंतूंचे प्रमाण अतिशय भिन्न असू शकते आणि जिवंत वा ताजा माल चाचणीचा निकाल येईपर्यंत अडवून ठेवल्यास तो नासतो. परदेशातील खाडीची पाहणी करण्याचा अधिकार आयातदार देशाला अर्थातच नसतो. यावर काढलेला तोडगा म्हणजे परकीय विक्रेत्याऐवजी त्याच्या देशाच्या नियंत्रणव्यवस्थेला मान्यता देणे. निर्यातदार देशाने करार करून समकक्ष कार्यक्रम राबवायचा, आपल्या विक्रेत्यांना स्वतः दाखले द्यायचे व अमेरिकन अधिकाऱ्यांना कारभाराचे परीक्षण करू द्यायचे. मग त्याच्या विक्रेत्यांची नावे अमेरिकन राज्यांतील विक्रेत्यांबरोबर त्याच यादीत येतात. या दृष्टीने परदेश हा जणू आणखी एक उत्पादक राज्य मानला गेला.

असा पहिला करार १९४८ मध्ये कॅनडाशी झाला. पुढे जपान (१९६२), दक्षिण कोरिया (१९७२), आइसलँड (१९७४), न्यूझीलंड (१९८०) इ. देशांशी करार झाले. या करारांची संख्या नेहमीच अल्प राहिली आहे; कारण त्यांसाठी लागणारी किनाऱ्याची पाहणी, प्रयोगशाळा, गस्त व दीर्घकालीन नोंदी यांचा खर्च मोठा असतो. ज्या देशांचा करार नाही त्यांच्या ताज्या व गोठवलेल्या कवचमत्स्यांना या बाजारपेठेत प्रवेश नसतो. शिजवून डबाबंद केलेला माल मात्र या कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर असून त्यास सर्वसाधारण अन्नकायदे लागू होतात.

यादीतून वगळण्याचे सामर्थ्य कोरियाच्या बाबतीत प्रत्ययास आले. अन्न व औषध प्रशासनाच्या २०१२ मधील परीक्षणात काढणीक्षेत्रांमध्ये नौकांवरून व संवर्धनाच्या तराफ्यांवरून मानवी मैला पाण्यात मिसळत असल्याचे दिसून आले. १ मे २०१२ रोजी सर्व कोरियन विक्रेत्यांची नावे यादीतून काढण्यात आली आणि जूनमध्ये, आधीच आयात झालेली ताजी व गोठवलेली कालवे, तिसऱ्या, शिणाणे व स्कॅलॉप विक्रीतून काढून घेण्याचे आवाहन वितरकांना व दुकानदारांना करण्यात आले. दुरुस्तीनंतर २०१३ मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली. एका देशातील सर्वच विक्रेत्यांना, वैयक्तिक दोष असो वा नसो, एकत्र वगळले गेले, हे या पद्धतीचे बल आहे व तोच तिच्यावरचा आक्षेपही आहे.

आयातदार व्यापाऱ्याची स्वतःची जबाबदारी १८ डिसेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या व दोन वर्षांनी अंमलात आलेल्या सागरी अन्नविषयक नियमांनी निश्चित केली. संभाव्य धोक्यांचे विश्लेषण करून प्रक्रियेतील निर्णायक टप्प्यांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत त्यांनी सर्व मत्स्यप्रक्रियाकारांना बंधनकारक केली. आयातदाराने एकतर करार असलेल्या देशातून माल घ्यावा अथवा परदेशी कारखाना हे नियम पाळतो याची लेखी पडताळणी ठेवावी, असे बंधन आले. कवचमत्स्यांसाठी मात्र चिठ्ठी व दाखला यांची अट कायम राहिली.

यूरोपमधील पद्धती : यूरोपीय समुदायाने कवचमत्स्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी १९७९ मध्ये व जिवंत द्विपुट प्राण्यांच्या उत्पादन-विक्रीविषयी १९९१ मध्ये निदेश काढले, त्यांपैकी दुसऱ्या निदेशाची जागा पुढे २००४ मध्ये संमत झालेल्या व २००६ पासून लागू झालेल्या विनियमांनी घेतली. अमेरिकेत पाणी तपासतात, तर यूरोपात प्रामुख्याने प्राण्याचे मांस तपासून क्षेत्रांचे अ, ब व क असे वर्ग ठरवतात. अ वर्गात १०० ग्रॅममध्ये 'एश्चेरिकिया कोलाय' या जंतूंची संख्या २३० इतकी मर्यादित असते व असा माल थेट विकता येतो. ब वर्गाचा माल (मर्यादा ४,६००) शुद्धीकरणकेंद्रात ठेवून, शुद्ध पाण्यात स्थलांतरित करून वा उष्णताप्रक्रिया करून विकावा लागतो. आयातीसाठी मान्य देश, मान्य क्षेत्रे व मान्य कारखाने यांच्या याद्या असतात. दोन्ही पद्धतींचा उद्देश एकच असूनही त्या परस्परांना समकक्ष मानल्या जात नसल्याने अटलांटिकच्या दोन काठांमधील हा व्यापार दीर्घकाळ बंद होता. २०२० मधील निर्णयांनुसार स्पेन व नेदर्लंड्‌स येथील आणि मॅसॅचूसेट्स व वॉशिंग्टन राज्यांतील व्यवस्थांना परस्परमान्यता मिळाली व २०२२ मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला.

व्यवस्थेच्या मर्यादा : आंत्रज्वराविरुद्ध ही व्यवस्था निःसंशय यशस्वी झाली, वाहितमलावरील प्रक्रिया व पाण्याचे क्लोरिनीकरण यांचाही त्यात मोठा वाटा आहे. व्हायरसांच्या बाबतीत मात्र निदर्शक दंडाणू फसवे ठरतात. कारण दंडाणू नाहीसे झाल्यावरही व्हायरस शिंपल्यांत टिकून राहतात व टाकीतील शुद्धीकरणानेही ते पूर्णपणे जात नाहीत. स्वीडनमध्ये १९५५–५६ मध्ये कालवांमुळे सहाशेहून अधिक लोकांना संसर्गजन्य यकृतशोथ झाला. अमेरिकेत १९६१ मध्ये रॅरिटन उपसागरातील शिंपल्यांमुळे याच रोगाचा उद्रेक झाला. शांघायमध्ये १९८८ च्या आरंभी बाहेरच्या किनाऱ्यावरून आलेले शिंपले गरम पाण्यात केवळ क्षणभर बुडवून खाल्ल्याने सु. ३ लाख लोकांना यकृतशोथ झाला. त्यानंतर त्या शहरात या शिंपल्यांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

समुद्रात निसर्गतःच राहणारे व्हिब्रिओ वंशाचे जंतू हे दुसरे आव्हान आहे. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन उपसागरातील कालवांमुळे १९९८ मध्ये सु. ४०० जण आजारी पडले. रोगकारक व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस जंतूचा हा प्रकार १९९६ मध्ये कलकत्त्यात (कोलकात्यात) प्रथम लक्षात आला होता. त्या वेळी गॅल्व्हस्टनची सर्व काढणीक्षेत्रे प्रचलित मानकांनुसार निर्दोष होती. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू यकृताचे विकार असलेल्यांना प्राणघातक ठरतो. मेक्सिकोच्या आखातातील प्रक्रिया न केलेल्या कच्च्या कालवांच्या उन्हाळी विक्रीवर कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये बंदी घातली व त्यानंतर तेथील अशा संसर्गांचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये हाच नियम देशभर लागू करण्याचा मनोदय जाहीर केला. पण आखाती राज्यांतील कालवे काढणाऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. वर्षाकाठी थोड्या व्यक्तींचे प्राण आणि किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची उपजीविका यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न केवळ जंतुविज्ञानाने सुटणारा नाही.

भारतातील स्थिती : कोकण किनाऱ्यावर तिसऱ्या, कालवे, शिणाणे व खुबे हे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात असून ओहोटीच्या वेळी ते गोळा करण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात. ते चांगले शिजवून खाण्याच्या रीतीमुळे जंतुजन्य रोगांपासून बरेच संरक्षण मिळते. जैविक विषांपासून मात्र ते मिळत नाही. भारतात सागरी अन्नाचे नियंत्रण प्रथम निर्यातीच्या अंगाने विकसित झाले. निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) अधिनियम १९६३ मध्ये संमत झाला व त्यानुसार निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण १९७२ मध्ये अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय कोची येथे आहे. यूरोपीय समुदायाने ऑगस्ट १९९७ मध्ये कारखान्यांतील आरोग्यविषयक उणिवांमुळे भारतीय मत्स्योत्पादनांची आयात रोखली. पुढे निर्यात तपासणी परिषदेने मान्यता दिलेल्या कारखान्यांपुरती ती खुली करण्यात आली. कवचमत्स्यांच्या बाबतीत इतरत्र दिसलेले तत्त्वच येथेही दिसते : आयातदार देश एकेका विक्रेत्याची नव्हे, तर त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची परीक्षा घेतो.

देशात येणाऱ्या मालासाठी अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा मुख्य कायदा आहे. त्यानुसार अन्नपदार्थांच्या आयातदारास केंद्रीय अनुज्ञप्ती घ्यावी लागते आणि आयातीची कार्यपद्धती २०१७ च्या विनियमांनी निश्चित केली आहे. आयात मालाचे निरीक्षण व देशी बाजारात विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांचे निरीक्षण यांत मात्र मोठे अंतर आहे. परदेशी ग्राहकासाठी माल तपासणारी प्रयोगशाळा व स्थानिक ग्राहकासाठी खाडीतून टोपलीत येणारा माल ही दोन स्वतंत्र जगे राहू नयेत, यासाठी काढणीक्षेत्रांची पाहणी व वर्गीकरण हे पहिले पाऊल ठरते. वाढत्या शहरांचे वाहितमल ज्या खाड्यांत जाते त्यांच्या काठी हा प्रश्न विशेष निकडीचा आहे; कारण खाडी दूषित झाल्यावर शिंपले गोळा करणाऱ्या स्त्रीचा परवाना रद्द करणे सोपे असते, पाणी पुन्हा शुद्ध करणे मात्र अवघड व खर्चिक असते. एम्सवर्थपासून कोरियापर्यंतचा इतिहास पाहता, विक्रेत्यावरील निर्बंध हे पाणी शुद्ध राखण्याच्या सार्वजनिक कर्तव्यास पूरक ठरतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत.